कार्डिनल मेझ्झोफान्ती: रुग्णालयातील खाटेपाशी भाषा शिकलेले धर्मगुरू

कार्डिनल ज्युसेप्पे मेझ्झोफान्ती यांचे नाव निघाले की पहिला प्रश्न हमखास विचारला जातो तो आकड्याचा. त्यांना किती भाषा येत होत्या? कोणी चाळीस सांगतो, कोणी साठ, कोणी शंभराच्याही पुढे जातो. आकड्याकडे आपण नंतर वळू. प्रस्तुत लेखकाला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न, तो म्हणजे हा माणूस शिकत कसा होता? कारण हाताशी ना व्याकरण, ना शब्दकोश, ना शिक्षक, आणि समोर खाटेवर प्राण सोडीत असलेला परदेशी सैनिक, अशा अवस्थेत त्यांनी काही भाषा आत्मसात केल्या. ती त्यांची हौस नव्हती. त्या सैनिकाला पापनिवेदन करायचे होते, म्हणून ते शिकले.

ज्युसेप्पे यांचा जन्म सप्टेंबर 1774 मध्ये उत्तर इटलीतील बोलोन्या येथे झाला. त्या काळी हे शहर पोपमहोदयांच्या राज्यात मोडत असे आणि महत्त्वाने रोमच्या खालोखाल गणले जाई. तेथील विद्यापीठ युरोपातील अतिप्राचीन विद्यापीठांपैकी एक. परंतु मेझ्झोफान्ती कुटुंबाचा विद्यापीठाशी काडीचाही संबंध नव्हता. वडील सुतारकाम करीत. मुलानेही रंधा हाती धरावा अशीच त्यांची अपेक्षा होती. असे सांगतात की, कामाच्या जागेजवळच एक वृद्ध धर्मगुरू मुलांना लॅटिन व ग्रीक शिकवीत असत आणि उघड्या खिडकीतून येणारे ते पाठ सुताराच्या पोराने ऐकूनच पाठ करून टाकले. गोष्ट थोडी सजवलेली असेल. थोरांच्या बालपणाच्या गोष्टी बहुधा तशाच असतात. एवढे खरे की, ओरेटरी संस्थेच्या एका धर्मगुरूंनी वडिलांचे मन वळवले आणि मुलाची रवानगी पियारिस्ट धर्मगुरूंच्या शाळेत झाली.

येथे इतिहासाचा एक विचित्र योग जुळून आला. 1767 साली स्पेनच्या राजाने येशूसंघीयांना आपल्या सर्व प्रदेशांतून हद्दपार केले आणि 1773 साली पोप चौदावे क्लेमेंट यांनी येशूसंघच विसर्जित केला. स्पेन, दक्षिण अमेरिका, फिलिपिन्स अशा दूरदूरच्या मुलखांतून घालवून दिलेले कितीतरी येशूसंघीय इटलीत येऊन राहिले, त्यांतील पुष्कळ जण बोलोन्यात. ज्या धर्मगुरूंनी उभे आयुष्य परक्या लोकांत त्यांची बोली बोलत काढले होते, तेच आता या गरीब शहरी मुलाचे शिक्षक झाले. ख्रिस्तसभेच्या दृष्टीने तो काळ मोठा दुःखाचा. पण सुताराच्या मुलाच्या दारी मात्र त्यामुळे अर्धे जग आपल्या पायांनी चालत आले. ग्रीक भाषा त्यांना फादर एमान्युएल आपोन्ते यांनी शिकवली. पुढे या गुरूंच्या स्मरणार्थ मेझ्झोफान्ती यांनी लिहिलेले गौरवपर भाषण हेच त्यांच्या नावावरचे जवळजवळ एकमेव छापील लेखन होय. स्वीडिश भाषा त्यांना अशाच एका स्वीडनहून आलेल्या धर्मगुरूंकडून मिळाली.

शाळेत लॅटिन आणि ग्रीक कसे शिकवले जाई हे वेगळे सांगावयास नको. आधी नियम, मग उदाहरण. आधी विभक्तीचे कोष्टक पाठ करायचे, मग त्या साच्यात शब्द बसवायचा. आमच्या पिढीतील सेमिनरीच्या विद्यार्थ्यांनाही लॅटिनची तोंडओळख अशीच झाली. वाक्य कळो न कळो, कोष्टक मात्र झोपेतही म्हणता येई. अध्यापनशास्त्रात हिला अवगामी पद्धती म्हणतात. वरच्या नियमाकडून खालच्या उदाहरणाकडे उतरत येणे. याच्या उलट चाल ती उद्गामी पद्धती. त्यात आधी उदाहरणे भेटतात, पुष्कळ भेटतात, आणि त्यांच्यातील सारखेपणा पाहून शिकणारा स्वतःच नियमापर्यंत चढत जातो. तर्कशास्त्राच्या पुस्तकात यांनाच अनुक्रमे निगमन आणि विगमन अशी नावे आहेत. मेझ्झोफान्ती यांनी पहिली वाट शाळेत चालून पाहिली होती. दुसरी वाट त्यांना युद्धाने दाखवली.

1796 साली नेपोलियनच्या फौजांनी बोलोन्या घेतले आणि पाठोपाठ सिसाल्पाइन प्रजासत्ताक उभे राहिले. 1797 साली ज्युसेप्पे यांना गुरुदीक्षा मिळाली. त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, विद्यापीठात अरबी भाषेचे अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. सुताराच्या घराला याहून मोठा मान कोणता? परंतु नव्या राजवटीने अध्यापकांकडून निष्ठेची शपथ मागितली. पोपमहोदयांच्या अधिकाराला बाधा आणणारी ती शपथ या तरुण धर्मगुरूला सद्सद्विवेकबुद्धीनुसार घेता येईना. त्यांनी नकार दिला आणि अध्यापकपद गेले. घरी आईवडील, शिवाय बहिणीच्या मुलाबाळांचा भार. खाजगी शिकवण्या करून ते दिवस ढकलू लागले. पुढेही 1808 साली हेच पद दुसऱ्यांदा काढून घेण्यात आले आणि मधल्या काळात पॅरिसहून मोठ्या मानाचे बोलावणे येऊनही ते गेले नाहीत. या शांत, भिडस्त, सर्वांशी गोड बोलणाऱ्या माणसाचा कणा किती ताठ होता हे त्यावरून कळते. त्यांच्या स्मरणशक्तीचे गोडवे गाणारे लोक याचा उल्लेख क्वचितच करतात, म्हणून येथे मुद्दाम केला.

1799 साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने शहर घेतले, 1800 साली फ्रेंच पुन्हा आले. लष्करी रुग्णालये जखमींनी भरून गेली. ऑस्ट्रियाचे सैन्य म्हणजे एका भाषेचे सैन्य नव्हे. त्यात जर्मन होते, हंगेरियन होते, नाना स्लाव्ह बोली बोलणारे होते. त्यांतील कित्येक कॅथलिक. मरणाच्या दारात पडलेला हंगेरीचा शेतकरी धर्मगुरूचा झगा पाहून काही बोलू पाहतो, आणि धर्मगुरूला एक अक्षर कळत नाही! ख्रिस्तसभा दुभाष्यामार्फत पापनिवेदन करण्याची मुभा देते, आणि बोलणे अशक्य झालेल्या माणसाच्या नुसत्या खुणेवरही धर्मगुरू पापक्षमा देऊ शकतो, हे खरे. पण दुभाषा आणावा कोठून? आणि ज्याला मनातले सारे बोलून मोकळे व्हायचे आहे, त्याची भूक खुणेने थोडीच भागते? ज्या धर्मगुरूने अशा खाटेपाशी वेळ काढला असेल त्याला ती असहायता समजेल. आपल्या धर्मप्रांतातील शहरी रुग्णालयांत आज झारखंडचा किंवा तमिळनाडूचा रुग्ण भेटतो तेव्हाही ती जाणवतेच.

मेझ्झोफान्ती यांनी मार्ग काढला तो साधा, परंतु विलक्षण हुशारीचा होता. ते त्या सैनिकाला त्याच्या भाषेतील प्रार्थना म्हणायला लावीत. प्रभूने शिकवलेली प्रार्थना, विश्वासांगिकार, दहा आज्ञा. शब्द नवे, पण अर्थ आधीच ठाऊक! जे ऐकायचे त्याचा आशय दोघांनाही तोंडपाठ असल्यामुळे, कोणता आवाज कोणत्या अर्थाशी जोडलेला आहे एवढेच शोधायचे उरे. 1822 साली शांपोलियाँ यांनी इजिप्तच्या चित्रलिपीचा उलगडा केला त्यालाही एकच मजकूर दोन भाषांत आणि तीन लिप्यांत कोरलेली रोझेटाची शिळा उपयोगी पडली होती. बोलोन्याच्या या धर्मगुरूपाशी तशी शिळा प्रत्येक ख्रिस्ती माणसाच्या ओठांवर होती.

हे कसे घडत असेल ते आपल्याच भाषेवर ताडून पाहू. मराठीचा गंध नसलेला एखादा परदेशी धर्मगुरू आपल्यातील कोणाला प्रभूची प्रार्थना म्हणावयास सांगतो आहे असे समजा. आपल्या प्रचलित पाठात नावापूर्वी ‘तुझे’ येते, राज्यापूर्वीही ‘तुझे’ येते. पण भाकरीपूर्वी ‘आमची’ येते. म्हणजे मालकी दाखवणारा शब्द पुढील नामाप्रमाणे शेवट बदलतो, अर्थात या भाषेत नामांना लिंग आहे. ‘जावो’, ‘येवो’, ‘होवो’ ही तिन्ही मागणी करणारी रूपे, आणि तिन्हींचा शेवट ‘वो’. इच्छेचा उल्लेख येतो तेथे ‘इच्छा’ नव्हे तर ‘इच्छे’ होऊन त्याला ‘प्रमाणे’ चिकटते. म्हणजे काही जोडायचे झाले की नाम आधी वाकते. ‘आम्ही’, ‘आम्हांला’, ‘आमची’ हे तर एकाच घरातले दिसतात. शाळेत आपण ज्याला लिंग, आज्ञार्थ, सामान्यरूप आणि विभक्ती म्हणतो, त्या चारही गोष्टी अर्ध्या मिनिटाच्या प्रार्थनेत हाती लागल्या. त्यांची नावे मात्र त्या परदेशी माणसाला अजून कळलेली नाहीत, आणि त्याचे काही अडतही नाही.

हंगेरियन भाषेत तर ही गंमत आणखी वाढते. आज म्हटल्या जाणाऱ्या हंगेरियन प्रार्थनेत ‘तुझे नाव’ या अर्थी ‘नेवेद’ असा शब्द येतो, ‘तुझे राज्य’ यासाठी ‘ओर्सागोद’ आणि ‘तुझी इच्छा’ यासाठी ‘अकरतोद’. तिन्ही शब्दांच्या अखेरीस ‘द’ आहे. तेव्हा ‘तुझे’पण या शेपटीत दडलेले असणार. मग एकदा ‘एद’ आणि दोनदा ‘ओद’ असे का? लक्षपूर्वक ऐकणाऱ्याच्या ध्यानात येते की, शब्दाच्या पोटातला स्वर ज्या गटातला, त्याच गटातला स्वर शेपटीलाही लागतो. हा स्वरसंवादाचा नियम हंगेरियन भाषेचा पायाच आहे, आणि तो तीन शब्दांवरून अंधुक का होईना दिसू लागतो. तसेच ‘आमचा पिता’ आणि ‘आमची भाकर’ यांसाठी असलेल्या शब्दांत ‘अंक’, ‘उंक’ असे प्रत्यय येतात. म्हणजे ‘आमचे’पण ‘ंक’मध्ये. हा तर्काचा क्रम खुद्द मेझ्झोफान्ती यांच्या मनात असाच चालला असेल असा आमचा दावा नाही. वाट या प्रकारची होती, एवढेच म्हणावयाचे आहे.

अर्थात, उदाहरणांवरून बांधलेला नियम हा शेवटी अंदाजच असतो. मराठी लहान मूल ‘बसलं’, ‘उठलं’, ‘पडलं’ ऐकून मनाशी नियम बांधते आणि एके दिवशी बिनदिक्कत ‘मी करलं’ असे म्हणते. आई हसून ‘केलं’ असे सुधारते. मुलाने नियम शोधला ती उद्गामी चाल. शोधलेला नियम नव्या शब्दावर लावून पाहिला ती अवगामी चाल. आणि आईने चूक दाखवली तेव्हा पुन्हा पहिल्या पायरीवर येणे झाले. भाषा शिकणाऱ्याच्या मनात हा चढउतार दिवसातून शेकडो वेळा चालू असतो. त्यामुळे अमुक एक पद्धती श्रेष्ठ आणि दुसरी टाकाऊ, असा जो वाद शिक्षकवर्गात अधूनमधून रंगतो, तो आम्हाला तरी निष्फळ वाटतो. रुग्णालयात मेझ्झोफान्ती यांना सुधारणारे होते ते खाटेवरचे सैनिक. विद्वान धर्मगुरू चुकतमाकत बोलत आहे आणि अडाणी शिपाई त्याला दुरुस्त करतो आहे, हे दृश्य डोळ्यांसमोर आणावे. चुकण्याची लाज न वाटणे हा भाषा शिकणाऱ्याचा फार मोठा गुण आहे, आणि अहंकारी माणसाला तो साधत नाही.

आपल्याकडील एक थोर उदाहरण येथे आठवल्यावाचून राहत नाही. 1579 साली गोव्यात उतरलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स हेही आधी लोकांत मिसळून बोली शिकले. परंतु ते तेवढ्यावर थांबले नाहीत. कानांनी वेचलेले नियम त्यांनी व्याकरणाच्या रूपाने मांडले आणि त्यांच्या निधनानंतर 1640 साली रायतूर येथे ते छापले गेले. मागून येणाऱ्या मिशनऱ्याला तयार नियम मिळाले. म्हणजे एकाने चढून जावे आणि इतरांनी त्याच्या दोरीने उतरावे, तसे झाले. मेझ्झोफान्ती यांच्याविरुद्धचा मोठा आक्षेप नेमका हाच आहे की, त्यांनी मागे दोरी सोडली नाही. ना एखादे व्याकरण, ना कोश, ना भाषांच्या नात्यांविषयी ग्रंथ. त्यांच्याच हयातीत जर्मनीत तुलनात्मक भाषाशास्त्राचा पाया घातला जात होता. त्यात त्यांचा वाटा नाही. काही टीकाकारांनी तर त्यांना नुसता बोलका पोपट ठरवले. ग्रंथ न लिहिल्याचा आक्षेप खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. पोपटाची उपमा मात्र अन्यायाची. पोपट नियम शोधीत नाही.

पोप सातवे पायस 1814 साली बंदिवासातून रोमकडे परतताना बोलोन्यात थांबले. त्यांनी या अध्यापकांना रोमला येण्याचे आमंत्रण दिले. घरच्या जबाबदाऱ्या सांगून ते नम्रपणे नाही म्हणाले. अध्यापकपद मात्र परत मिळाले, आणि ग्रंथालयाची व्यवस्थाही त्यांच्याकडे आली. शहरात कोणी परदेशी उतरला की त्याला गाठण्याचा त्यांचा परिपाठ होता. इंग्रज कवी लॉर्ड बायरन त्यांना भेटून थक्क झाले. सप्टेंबर 1820 मधील कंकणाकृती सूर्यग्रहणाच्या वेळी खगोलशास्त्रज्ञ बॅरन फॉन झाख बोलोन्यात होते. मूळचे हंगेरीतील पेश्त येथील या पाहुण्यांशी मेझ्झोफान्ती यांनी चक्क हंगेरियन भाषेत संभाषण सुरू केले, आणि पाहुण्यांना आश्चर्य आवरेना. ती भाषा वीस वर्षांपूर्वी कोणाच्या खाटेपाशी कानी पडली होती हे त्यांना ठाऊक असेल की नाही, कोण जाणे.

1831 साली बोलोन्यात उठाव झाला. तो शमल्यावर शहराच्या वतीने पोप सोळावे ग्रेगरी यांच्याकडे जे शिष्टमंडळ गेले त्यात मेझ्झोफान्ती होते. या वेळी पोपमहोदयांनी त्यांना सोडले नाही. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी ते रोमवासी झाले. धर्मप्रसार मंडळाचे महाविद्यालय म्हणजे त्यांना नंदनवनच. जगाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले तरुण तेथे धर्मगुरुपदाचे शिक्षण घेत, आणि प्रकटीकरणाच्या सणाच्या सुमारास आपापल्या भाषेत काव्य व भाषणे सादर करीत. मेझ्झोफान्ती त्यांची तयारी करून घेत, आणि त्या मुलांकडूनच नव्या भाषाही शिकत. घरापासून हजारो कोस दूर असलेल्या मुलाला रोममध्ये कोणी मातृभाषेत हाक मारली तर त्याला काय वाटत असेल!

चिनी भाषेने मात्र त्यांना चांगलेच दमवले. ती शिकण्यासाठी ते नेपल्सच्या चिनी महाविद्यालयात गेले आणि तेथे गंभीर आजारी पडले. तापात त्यांच्या साऱ्या भाषांचा गोंधळ उडाला असे चरित्रकार सांगतात. आमच्या मते या भाषेत त्यांची जुनी किल्लीच चालण्यासारखी नव्हती. शब्दाचे शेवट न्याहाळून नियम काढावा, तर चिनी शब्दाला बदलणारा शेवटच नाही; सारा भार शब्दांच्या क्रमावर आणि स्वराच्या चढउतारावर. पण रोमला परतल्यावर त्यांनी तोही अभ्यास चिनी विद्यार्थ्यांच्या सहवासात पुढे चालू ठेवला.

1833 साली ते व्हॅटिकन ग्रंथालयाचे प्रमुख झाले आणि 1838 साली कार्डिनल. तांबड्या टोपीने त्यांच्या सवयी बदलल्या नाहीत.

आता तो आकडा. आयर्लंडमधील मेनूथ सेमिनरीचे प्रमुख डॉ. चार्ल्स विल्यम रसेल यांनी 1858 साली त्यांचे विस्तृत चरित्र प्रसिद्ध केले. त्यांनी प्रत्येक भाषेसाठी साक्षीदार शोधले. ऐकीव गोष्टी बाजूला ठेवल्यावर उत्तम बोलता येणाऱ्या म्हणून सिद्ध झालेल्या भाषा निघाल्या 30. कमीअधिक येणाऱ्या धरून त्यांची यादी 72 पर्यंत जाते, पण त्यांतील 14 केवळ पुस्तकातून अभ्यासलेल्या होत्या. एका रात्रीत भाषा शिकून दोन कैद्यांना मरणापूर्वी पापक्षमा दिल्याची जी कथा सांगितली जाते, तिच्यावर विश्वास ठेवण्याची आम्हाला गरज वाटत नाही. 30 हा आकडा पुरेसा थक्क करणारा आहे.

त्यांची कागदपत्रे आज बोलोन्याच्या आर्किजिन्नासियो ग्रंथालयात आहेत. भाषांचे अलौकिक वरदान लाभलेल्यांचा शोध घेणारे अमेरिकन लेखक मायकल एरार्ड यांनी ती चाळली आणि 2012 साली आपल्या पुस्तकात त्यांविषयी लिहिले. त्या कागदांत त्यांना शब्द घोकण्यासाठी केलेल्या चिठ्ठ्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे सापडले. एका बाजूला एका भाषेतला शब्द, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या भाषेतला. म्हणजे जगाने ज्याला चमत्कार मानले तो माणूस, परीक्षा जवळ आलेल्या विद्यार्थ्यासारखा, चिठ्ठ्या उलटून पालटून पाठांतर करीत होता. खाटेपाशी कानाने मिळवलेले घरी येऊन असे पक्के केले जाई.

1848 च्या अखेरीस रोममध्ये उठाव होऊन पोप नववे पायस यांना गाएता येथे आश्रय घ्यावा लागला. फेब्रुवारी 1849 मध्ये रोमन प्रजासत्ताकाची घोषणा झाली. आजारी मेझ्झोफान्ती शहरातच राहिले. तरुणपणी ज्या वादळात अध्यापकपद गेले, तसेच वादळ म्हातारपणी पुन्हा भोवती घोंघावत असताना 15 मार्च 1849 रोजी त्यांनी देह ठेवला. त्या धामधुमीत एरवी कार्डिनलांचे होतात तसे थाटाचे अंत्यविधी होऊ शकले नाहीत. रोमच्या यानिकुलुम टेकडीवरील सान्त ओनोफ्रियो या त्यांच्या नावे असलेल्या चर्चमध्ये, जेथे महाकवी तास्सोही विसावले आहेत, तेथे त्यांचे दफन करण्यात आले.